बेने इस्राएल कलावंतांचे मेळावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या मेळाव्यांत नेमके काय चालते?

मुख्य काम चार प्रकारचे: मराठी यहूदी कीर्तन आणि घरगुती गाणी, हिब्रू अक्षरलेखन, कागद कापून केलेली नक्षी, आणि जुन्या जागांचे स्थळचित्रण. जोडीला सणावारांची तयारी असतेच, कारण मलिद्याचे, म्हणजे पोहे-नारळाच्या गोड प्रसादाचे, ताट मांडणे हीसुद्धा हाताची कलाच आहे.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले यहूदी. त्यांची घरची भाषा शतकानुशतके मराठी. रोहेकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर, केहिमकर ही आडनावेच कुलाबा जिल्ह्यातल्या गावांची, म्हणजे आजच्या रायगडची. 'आलम आरा'चे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर, नट डेव्हिड अब्राहम चेऊलकर, कवी निस्सीम इझिकेल, लेखिका आणि शिल्पकार एस्थर डेव्हिड, चित्रकार सिओना बेंजामिन ही नावे छापलेली आहेत, ती टिकतील. माजघरात म्हटलेले गाणे मात्र म्हणणाऱ्या आजीबरोबर जाते. म्हणून मेळाव्यात पहिला मान त्या गाण्याला.

बगदादी किंवा कोचीनच्या यहूदी कलावंतांनाही येता येते का?

जरूर. पण एक फरक लक्षात असावा. बगदादी घरांत अरबी आणि पुढे इंग्रजी चाले, कोचीनच्या बायकांची गाणी मल्याळममध्ये आहेत. मराठी कीर्तन आणि मलिदा ही बेने इस्राएलांची ठेव आहे. तिन्ही परंपरा एकाच बैठकीत कालवू नयेत. प्रत्येकीला वेगळी बैठक दिली की तिचा रंग नीट दिसतो.

मेळावा शनिवारी का नसतो? सुट्टी तर त्याच दिवशी असते.

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत शब्बाथ. त्यात लिहिणे, कापणे, रंगवणे, फोटो काढणे, वाद्य वाजवणे यांतले काहीच होत नाही. कोकणात तेलघाणा चालवणाऱ्या आपल्या पूर्वजांना गावाने 'शनिवार तेली' म्हटले ते याच विश्रांतीमुळे. तीच ओळख आपणच मोडायची नसते.

सोयीच्या वेळा दोन. रविवारी सकाळी दहा ते एक, किंवा शनिवारी रात्री हवदाला, म्हणजे शब्बाथ सुटतानाची प्रार्थना, झाल्यावर. दुसरी वेळ ऋतूवर ठरते. मुंबई-ठाण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जून-जुलैत सव्वासात होऊन जातात, आणि चांदण्या दिसायला त्यानंतर आणखी अर्धा-पाऊण तास लागतो. त्यामुळे हिवाळ्यात साडेसातची वेळ देता येते, पावसाळ्यात साडेआठच्या आधी देऊ नये. आमंत्रणावर 'सात वाजता' छापून मग माणसे दारात ताटकळतात, ही चूक सर्रास होते. सतरंज्या घालणे आणि पेटी हॉलवर आणून ठेवणेसुद्धा शब्बाथ सुटल्यावरच, म्हणून तयारीला आणखी अर्धा तास धरावा.

वर्षातले कोणते दिवस टाळावेत?

हिब्रू पंचांगातल्या तम्मूझ महिन्याच्या १७ तारखेपासून आव महिन्याच्या ९ तारखेपर्यंतचे तीन आठवडे गाणे-बजावणे नको, कारण ते दिवस यरुशलेमच्या मंदिराच्या शोकाचे. ते साधारण जुलै-ऑगस्टमध्ये येतात. पेसाह सणानंतरच्या ओमेरच्या, म्हणजे सात आठवडे मोजण्याच्या, दिवसांतही बरीच घरे संगीत टाळतात. अशा वेळी अक्षरलेखन आणि कागदकाम ठेवावे.

तारखा कळवताना सणांची जुनी मराठी नावे वापरावीत असा आमचा आग्रह आहे. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण, पुरीम म्हणजे होळीचा सण, पेसाह म्हणजे अनाशी ढाकाचा सण, तिशा बेआव म्हणजे बिरड्याचा सण. तिश्री महिन्यातला खिरीचा सण तर कोकणच्या नव्या भाताशी जोडलेला. तरुण मुलांना यांतली निम्मी नावे ठाऊक नसतात, आणि हँडबिलावर एकदा वाचली की ती घरी जाऊन विचारतात.

यहूदी कीर्तन म्हणजे काय? ते हिंदू कीर्तनाची नक्कल नाही का?

१८८० च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्राएलांनी मराठी कीर्तनाचा घाट घेतला आणि त्यात तनाखमधली, म्हणजे हिब्रू बायबलमधली, आख्याने बसवली: अब्राहाम, योसेफ, मोशे, एलियाहू. देवाचे नमन, गद्य निरूपण, मध्ये मध्ये पदे, साथीला पेटी, तबला आणि झांजा. त्या काळी हिब्रू सर्वांना येत नव्हती, मराठी येत होती. शास्त्र घरोघरी पोचले ते या वाटेने.

नक्कल म्हणणे योग्य नाही. ओवी, साकी, दिंडी, आर्या, अभंग ही मराठीची भांडी आहेत आणि मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाची आहेत. लीळाचरित्र सांगणाऱ्यांनी मराठी वापरली, ख्रिस्तपुराण रचणाऱ्या फादर स्टीफन्सनी ओवी वापरली, तसेच हे.

जुनी कीर्तनाची पुस्तिका मिळाली, पण चाल कोणालाच येत नाही. काय करावे?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि उत्तराला थोडा वेळ द्यावा लागतो.

आधी पदाच्या डोक्यावर पाहा. जुन्या मराठी पदसंग्रहांत 'चाल' असे लिहून त्या काळच्या एखाद्या लोकप्रिय पदाचे पहिले शब्द दिलेले असतात. ते नाट्यपद असेल तर चाल नाट्यसंगीताच्या जाणकाराकडे मिळण्याची शक्यता चांगली असते. एखादी ओळ ऐकून ते लगेच ओळखतात, नुसत्या नावावरून कधी कधी नाही. म्हणून छापील ओळ पूर्ण वाचून दाखवा.

'चाल' दिलेली नसेल तर मोजा. अभंगाला अक्षरे मोजायची: मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार, दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यात यमक. साकीला मात्रा मोजायच्या: सोळा आणि बारा. दिंडीला नऊ आणि दहा. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराच्या आधीचे अक्षर आघात येत असेल तर दोन. वृत्त कळले की त्या वृत्ताची रूढ चाल लावून पद उभे करता येते. ती मूळचीच चाल असेल असे नाही, पण पद गळ्यात येते, आणि मग कुठल्यातरी मावशी म्हणतात, 'अगं, आमच्याकडे हे असं नव्हतं म्हणत,' आणि खरी चाल गाऊन दाखवतात. बरोबर चालीपर्यंत जायला चुकीची चालही कामाला येते, म्हणून गप्प बसू नये.

गडबड होते ती हिब्रू नावांशी. नमुन्यासाठी रचलेली ही ओळ मोजून पाहा:

आले एलियाहू । घरी पाहुणे हे । दिवा तेवताहे । उंबऱ्याशी

'एलियाहू' चार अक्षरी, म्हणून 'आले' जोडून सहा होतात. तिथे कोणी आदराने 'एलियाहू हन्नाबी', म्हणजे संदेष्टा एलियाहू, म्हणू लागले की एकट्या नावाचीच सात अक्षरे होतात, गाणारा एक अक्षर गिळतो आणि झांजेचा ठोका चुकतो. नावाला लागेल तशी जागा आधी मोजून ठेवा. तसेच 'अब्राहाम' छापलेले असताना आजच्या हिब्रूप्रमाणे 'अवराहाम' म्हणू नका. अवराहाममध्ये पाच अक्षरे होतात, आणि जुन्या रचनाकाराने चार धरलेली असतात.

आजी गातात ते रेकॉर्ड कसे करावे?

फोन पुरतो. विमान मोडवर टाका, हातभर अंतरावर मऊ रुमालावर ठेवा. टेबलावर थेट ठेवला तर बांगड्यांचा आणि बोटांच्या ठेक्याचा आवाज गाण्यावर चढतो. पंखा बंद. मुंबईत हे कठीण जाते, पण पाच-पाच मिनिटांचे तुकडे केले की जमते.

पहिल्यांदा पेटीशिवाय गाऊ द्या. पेटी सुरू झाली की गळा पेटीच्या पट्टीकडे ओढला जातो, दोन सुरांमधली घसीट सपाट होते आणि चालीचा जीव तिथेच जातो. नंतर त्यांची पट्टी शोधून साथ द्या. तरुण बाईला काळी चार-पाच चालते, सत्तरी ओलांडलेल्या गळ्याला बहुधा काळी दोन किंवा तीन लागते. पट्टी वर ठेवली की आजी दुसऱ्या कडव्याला थांबतात आणि 'आता आठवत नाही' म्हणतात. खरे तर आठवत असते, आवाज पोचत नसतो.

गाणे झाल्यावर रेकॉर्डिंग बंद करू नका. हे कधी म्हणायचे, कोणाकडून आले, मेहंदीला की बारशाला, हे लगेच विचारून त्याच फाइलमध्ये ठेवा. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि पहिली ओळ लिहा. पूर्ण नाव आणि आवाज बाहेर द्यायचा असेल तर परवानगी आधीच, त्याच रेकॉर्डिंगवर घ्या.

मलिदा मेळाव्यात करता येतो का? प्रमाण काय?

येतो, आणि करावाच. एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा होतो: नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात, प्रवासाला निघताना, आणि तू बिश्वातला, म्हणजे एलियाहू हन्नाबीच्या उरुसाला. कीर्तनाचा आरंभही त्याने शोभतो.

पंचवीस जणांसाठी जाडे पोहे सव्वा किलो, मध्यम नारळ तीन, साखर अर्धा ते पाऊण किलो, वेलदोड्याची पूड दोन मोठे चमचे, बदाम-पिस्ते-बेदाणे मिळून दोनशे ग्रॅम. काही घरांत साखरेऐवजी गूळ घालतात. तो किसून घ्यावा, खडे राहिले तर पोह्यांत डाग पडतात.

पोहे चाळणीत दोन पाण्यांनी धुवायचे आणि चाळणीतच पंधरा-वीस मिनिटे निथळू द्यायचे. पातेल्यात भिजत घालू नका. पातळ पोहे तर आणूच नका, त्यांचा गोळाच होतो. दाणा बोटांत दाबला तर मोडावा पण चिकटू नये. मग खोबरे, वेलदोडा, सुका मेवा. साखर अगदी शेवटी, ताट मांडायच्या दहा मिनिटे आधी, कारण साखर घातली की ओल्या खोबऱ्याला पाणी सुटते आणि मलिदा तळाशी पाणचट होतो. आणि खोबरे सकाळचे दुपारपर्यंत ठेवू नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात चार-पाच तासांत त्याला आंबूस वास येतो, मग सगळेच ताट जाते.

ताटात मध्ये मलिद्याची रास, भोवती फळे, वर फुले किंवा सुवासिक पाला. फळे निवडताना आशीर्वादांचा विचार करा. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा, सुगंधाचा वेगळा. खजूर आणि सफरचंद झाडाचे. केळे मात्र जमिनीच्या आशीर्वादात येते, कारण केळीचे खोड दरवर्षी मरते, ते झाड धरत नाहीत. नवखी माणसे सगळी फळे एकाच वाडग्यात चिरून ठेवतात आणि हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, खोळंबतो. अख्खी ठेवा, चिरायचे नंतर.

बाकी खाण्याचे काय? घरून डबा आणला तर चालेल?

घरी शिजवलेले पदार्थ सामायिक टेबलावर ठेवू नयेत, मग घर यहूदी असो वा नसो. प्रत्येकाच्या कोशेर, म्हणजे यहूदी आहारनियम, पाळण्यात फरक असतो आणि नाही म्हणताना दोघेही अवघडतात. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सगळे शाकाहारी, एकाच स्वयंपाकघरात केलेले. आख्खी फळे, शेंगदाणे, सीलबंद पाकिटे कोणीही आणावीत.

मांसाहारी जेवण ठेवलेच, तर त्यानंतर दुधाचा चहा किंवा बासुंदी नाही. याच नियमातून आपल्याकडे नारळाच्या दुधाची गोडी आली. नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा गव्हाच्या चिकात नारळाचे दूध आणि साखर घालून आटवतात, म्हणून तो कोणत्याही जेवणानंतर चालतो. आता बऱ्याच घरांत चिकाऐवजी चायना ग्रास घालतात. ते समुद्री शेवाळाचे असल्याने अडचण नाही. जिलेटिन मात्र पाहून घ्यावे, ते प्राण्यांचे असते.

किद्दूशसाठी, म्हणजे शब्बाथ-सणाच्या पेल्यावरच्या आशीर्वादासाठी, मनुकांचे सरबत करायचे असेल तर पाव किलो काळ्या मनुका धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर पाऊण होईपर्यंत उकळा, कुस्करून फडक्यातून गाळा. त्याच दिवशी संपवा. उष्ण दिवसांत ते फसफसू लागते.

मला देवनागरी सुलेखन येते. हिब्रू शिकायला किती वेळ लागेल?

छापील चौकोनी वळण सहा-सात बैठकांत हाताला बसते. देवनागरी येणाऱ्याला एक मोठा फायदा आहे. हिब्रू अक्षरेही वरच्या ओळीला लोंबतात, खालच्या ओळीवर बसत नाहीत, म्हणून आखणी वरच्या रेषेची करायची सवय आधीच असते. अडचण दोन ठिकाणी येते. लिहायचे उजवीकडून डावीकडे. आणि आडव्या रेघा जाड, उभ्या बारीक, त्यामुळे कट निबचे तोंड जवळजवळ उभे धरावे लागते. जुन्या सवयीने धरले की उभ्या रेघा जाड येतात आणि अक्षर हिब्रूसारखे दिसतच नाही.

तीन मिलिमीटरची निब, अक्षराची उंची निबच्या चौपट म्हणजे बारा मिलिमीटर, दोन ओळींत तेवढेच अंतर. अंतर कमी केले तर लामेद या अक्षराची मान वरच्या ओळीत घुसते, कारण ते एकच अक्षर वरच्या रेषेच्या पलीकडे जाते.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या जोड्या पाठ करा. दालेतला कोपरा असतो, रेश गोल वळतो. बेतला खाली टाच असते, काफला नसते. 'हे' अक्षराचा डावा पाय सुटा असतो, तो वर चिकटला की हेत होते. ही बारीक बाब नव्हे. 'शेमा' या मुख्य प्रार्थनेतल्या 'एहाद' या शब्दाचा अर्थ एक. त्याच्या शेवटच्या दालेतचा कोपरा गोल झाला की 'अहेर' वाचले जाते, म्हणजे दुसरा. देव एक आहे असे लिहायला बसून देव दुसरा आहे असे लिहून होते. म्हणून शेमा लिहायची घाई पहिल्या महिन्यात करू नये.

मेझुझा किंवा सेफेर तोरा मेळाव्यात लिहायला शिकवता का?

नाही. मेझुझा म्हणजे दाराच्या चौकटीवरच्या डबीतली शास्त्रवचनांची गुंडाळी, सेफेर तोरा म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी. ते काम शिकलेल्या सोफेरचे, म्हणजे धर्मलेखकाचे. चर्मपत्र, शाई, अक्षरांचा क्रम, मनाची तयारी, सगळ्याचे नियम आहेत, आणि एक अक्षर चुकले तरी ते वापरता येत नाही. मेझुझाची बाहेरची डबी मात्र लाकूड, पितळ, माती कशाचीही करा. आतली गुंडाळी घडी न घालता बसेल एवढी पोकळी ठेवा आणि पाठीमागे दोन भोके पाडा. नुसत्या चिकटपट्टीवर लावलेली डबी पावसाळ्यात भिंतीवरून गळून पडते.

कतुबा (लग्नाचा करार) रंगवून द्यायची आहे. कुठून सुरुवात करू?

मजकुरापासून. वेलबुट्टीपासून नव्हे. हजानकडून अरामी मजकूर लिहून घ्या, तुमचा पेन्सिलचा आराखडा त्यांना दाखवा, त्यांनी हो म्हटल्यावरच शाई.

चुका नेमक्या कुठे होतात ते सांगतो. तारखेत: हिब्रू दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणून सूर्यास्तानंतरचे लग्न असेल तर दुसऱ्या दिवसाची हिब्रू तारीख लागते. नावांत: घरात हाक मारतात ते नाव वेगळे, हिब्रू नाव वेगळे, आणि वडिलांचेही हिब्रू नाव हवे. गावात: ठाण्याचा 'ठ' हिब्रूत नाही, तेव्हा त्या सिनेगॉगमध्ये आजवर जे स्पेलिंग चालत आले तेच घ्या. नवे शोधून काढू नका. साक्षीदारांच्या सह्यांसाठी खाली सहा-सात सेंटिमीटर मोकळे सोडा, आणि सही करायचे पेन त्याच कागदाच्या तुकड्यावर आधी चालवून पाहा. हातकागदावर जेल पेनची शाई पसरते, आणि ते मंडपात कळून उपयोग नसतो. बऱ्याच ठिकाणी एका शब्दातल्या कूफ अक्षराचा पाय मुद्दाम अपुरा ठेवतात आणि तो लग्नाच्या वेळी पुरा करतात. तुमच्या हजानची तशी रीत आहे का, ते आधी विचारा. नाहीतर चूक समजून कोणीतरी घरीच पुरा करून टाकते.

आकार चाळीस बाय पंचावन्न सेंटिमीटर सोयीचा, बाजारात तयार फ्रेम मिळते. रंग जलरंग किंवा ग्वाश, मजकुराची शाई पाण्याने न पसरणारी. नक्षीत नारळाची पेंढी, जास्वंद, कोकणी घराची कौले यायला काहीच हरकत नाही. लग्नाला वधू येताना वर 'योनाती झीव' गातो. त्यातली योना म्हणजे कबुतर, आणि नक्षीला ते छान जाते.

मिझ्राह पूर्वेच्या भिंतीवर लावायचा ना?

महाराष्ट्रात नाही. 'मिझ्राह' म्हणजे पूर्व, आणि प्रार्थनेची दिशा दाखवणाऱ्या भिंतीवरच्या चित्रालाही तेच नाव. युरोपातून यरुशलेम पूर्वेला पडते म्हणून तिथे ते चित्र पूर्वेच्या भिंतीवर लावतात. आपल्याकडून यरुशलेम पश्चिमेला, समुद्रापलीकडे. आपल्या सिनेगॉगमधला हेखाल, म्हणजे तोराच्या गुंडाळ्यांचे कपाट, तेही पश्चिमेच्या भिंतीला असतो. म्हणून कागदकामात 'मिझ्राह' हा शब्द नकलून न घेता 'मआराव', म्हणजे पश्चिम, कापावा किंवा नुसते यरुशलेम लिहावे. परदेशी नमुने जसेच्या तसे उचलले की ही चूक हमखास होते.

कागदाची नक्षी कापताना फाटते. का?

बहुतेक वेळा पाते बोथट झालेले असते. पेन कटरचे पाते दर वीस-पंचवीस मिनिटांनी बदला. बोथट पाते कागद ओढते आणि बारीक पूल तुटतात. कागद १२० ते १६० जीएसएमचा घ्या, खाली कटिंग मॅट, आणि आतले छोटे तुकडे आधी, बाहेरची कड सर्वांत शेवटी. कड आधी कापली तर कागद लुळा पडतो. पावसाळ्यात कागद दमट होऊन पात्याला चिकटतो, तेव्हा तासभर दिव्याजवळ सुकवून घ्यावा.

घडी घालून दोन्ही बाजू एकदम कापायच्या असतील तर अक्षरे घडीत घेऊ नका, एका बाजूला ती उलटी येतात. अक्षरांची पट्टी घडी उघडल्यावर कापा. सामेख आणि शेवटचा मेम ही बंद अक्षरे आहेत, त्यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. वरून एक मिलिमीटरचा पूल ठेवा. चिकटवताना पांढरा डिंक पूर्ण पसरू नका, सुरकुत्या येतात. टाचणीच्या टोकाने ठिपके द्या.

मुलांसाठी काय असते?

नारळाच्या तेलाचे दिवे. जाड काचेचा पेला दोन तृतीयांश पाण्याने भरायचा, वर दोन-तीन मोठे चमचे तेल, त्यावर तरंगती वात. वात सगळी तेलात भिजवून घेतली नाही तर ती लगेच काजळते. तेल संपून ज्योत पाण्याला टेकली की चरचर होऊन विझते, म्हणून पाणी काठापर्यंत भरू नये. पुण्याच्या थंडीत तेल गोठते, पेला आधी कोमट पाण्यात धरा. शब्बाथचा दिवा असेल तर तो सूर्यास्ताआधी लावायचा आणि मग हात लावायचा नाही, हे मुलांना करतानाच सांगता येते.

चित्रकलेच्या तासाला १८७४ साली पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हगादेतले, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायच्या पोथीतले, चित्र दाखवतो. त्यात नऊवारी वळणाची लुगडी नेसलेल्या बायका मात्झा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, करताना दिसतात. मुले तेच चित्र आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तू घालून पुन्हा काढतात, आणि त्यात मिक्सरसुद्धा येतो.

स्थळचित्रणाला कुठे जावे?

मुंबईत सॅम्युएल स्ट्रीटवरचे शआर हारहमीम, १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी उभारलेले, त्या भागात जुनी मशीद म्हणून ओळखले जाणारे. ठाण्यात १८७९ चे शआर हशमाईम. बाहेरगावी जायचे तर अलिबागची इस्राएल आळी आणि तिथले मागेन आबोत, रेवदंड्याचे बेथ एल, नवगावचे आद्य पूर्वजांचे दफनस्थान, आणि अलिबागजवळचा एलियाहू हन्नाबीचा टापा (त्यांची खूण सांगतात ती जागा).

आधी विश्वस्तांना भेटून परवानगी घ्या, आणि तारीख शनिवार किंवा सणाची नाही ना ते पाहा. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते, तेव्हा पेण-वडखळमार्गे एसटी. आत जाताना पुरुषांनी डोके झाकावे. तेबाच्या, म्हणजे प्रार्थनेच्या मंचाच्या, पायऱ्यांवर बसून रेखाटू नका, बाकांवर बसा. ओले रंग आत नको, पेन्सिल चालेल, कोळशाऐवजी पेन घ्या. कोळशाची पूड गालिच्यात जाते ती निघत नाही.

थडग्यांवरची अक्षरे पुसट झाली आहेत. ठसा घ्यावा का?

घासून ठसा घेऊ नका. खडू, पीठ, साबणाचा फेस यांपैकी काहीही दगडावर लावू नका. कोकणातला दगड पावसाने आधीच ठिसूळ झालेला असतो, शेवाळ खरवडले की त्याबरोबर अक्षरही सुटते. मऊ ब्रश आणि साधे पाणी एवढेच.

वाचायला तिरपा प्रकाश लागतो. सकाळी आठच्या आत किंवा दुपारी चारनंतर, किंवा आरशाने ऊन बाजूने पाडा. अक्षरांच्या सावल्या उभ्या राहतात आणि समोरून दिसत नव्हती ती मराठी ओळसुद्धा वाचता येते. हिब्रू वर्षातून ३७६० वजा केले की इसवी सन मिळते. तिश्री ते डिसेंबरमधला मृत्यू असेल तर ३७६१ वजा करा. म्हणजे ५६४० हे वर्ष १८७९-८० ठरते. कोहेन, म्हणजे याजकांच्या, घराण्यातल्या पुरुषांनी दफनभूमीत जायचे नसते, त्यांना बाहेरच्या चित्रांचे काम द्या. परतताना सर्वांनी हात धुवावेत.

आम्ही यहूदी नाही. तबला वाजवतो, चित्र काढतो. येऊ का?

या. तबला आणि पेटीची साथ करणारे मिळणे ही नेहमीचीच गरज आहे. डोके झाकायला टोपी किंवा रुमाल आणा, खाण्याचे काही शिजवून आणू नका, आणि प्रार्थना सुरू असताना फोटो काढू नका. बाकी काही अट नाही.

सरावाचे कागद कुठे टाकायचे?

साधी अक्षरे, रेघोट्या, चुकलेली नक्षी रद्दीत. ज्या कागदावर देवाचे नाव लिहिले गेले असेल तो मात्र रद्दीत किंवा केराच्या डब्यात नाही. त्यासाठी हॉलच्या दारापाशी झाकणाचा वेगळा खोका असतो. तो भरला की सिनेगॉगच्या गेनीझात, म्हणजे अशा कागदांच्या साठ्यात, जातो आणि पुढे दफनभूमीत पुरतात. सरावाला चार अक्षरी नाव लिहूच नका, त्या जागी एकटे 'हे' अक्षर काढून त्यावर एक रेघ द्या. कागद घरी नेणार असाल तर घडी न घालता गुंडाळून न्या, रबर लावू नका, उन्हाळ्यात ते वितळून शाईला चिकटते.